शुगरचं ओझं मनावर किती आहे? अनुभव लिहा

मला टाईप २ डायबिटीज होऊन नऊ वर्षं झाली. गोळ्या, रंकाळ्याला एक फेरी, भात कमी, हे सगळं अंगवळणी पडलंय. पण एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करायची वेळ आली की आधीचे आठ दिवस झोप उडते. मागच्या वेळी ८.४ आला. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "तुम्हाला बरं व्हायचंच नाही वाटतं." त्या तीन महिन्यांत सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी, रात्रीची जागरणं, ते त्या आकड्यात कुठं दिसणार? खाली येऊन गाडीवर बसून नुसती रडत होते.

नंतर वाचलं की ह्याला डायबिटीज डिस्ट्रेस म्हणतात, डिप्रेशन वेगळं आणि हे वेगळं. १९९५ पासून त्यासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली आहे. नऊ वर्षांत मला त्यातला एक प्रश्न कुणी विचारला नाही.

तुमचं काय होतं ते लिहा. कारल्याचा रस, मेथी सांगू नका प्लीज, ते सगळं करून झालंय.

*

ताई, बरं केलंत विचारलंत. आमचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. मला शुगर निघाली दोन वर्षांपूर्वी, वय ३८. गावात कुणाला बोललो नाही, गूळवाल्यालाच शुगर म्हटल्यावर लोक काय म्हणतील हे तुम्हीच सांगा. आदण उतरलं की पहिला गरम गूळ मालकानं चाखायचा, वडलांपासून चालत आलंय, सगळे तोंडाकडं बघत असतात. मी जिभेवर ठेवतो, चांगला झालाय म्हणतो आणि मागं उसाच्या पाल्यात जाऊन थुंकतो. परवा पोरानं बघितलं. "अप्पा, गूळ बिघडला काय?" काय सांगू त्याला.

*

माझ्या मुलीला टाईप १ आहे, सातव्या वर्षी कळलं. "लहानपणी गोड जास्त दिलं असेल," हे प्रत्येक लग्नात ऐकून घेते मी. शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, गोडाशी त्याचा काही संबंध नाही, किती जणांना सांगायचं? सांगून सांगून आई म्हणून माझीच चूक असल्यासारखं वाटायला लागतं.

रात्री ३ चा गजर लावलेला असतो. मी मशीन काढली की ती झोपेतच बोट पुढं करते, डोळे न उघडता, आपल्या आपण. पहिल्या वेळी ते बघून मला उभं राहवेना. कधी ५८ येतं, म्हणजे शुगर फार उतरलेली, मग साखरपाणी पाजायचं, १५ मिनिटं तिच्या केसांवरून हात फिरवत बसायचं, परत तपासायचं, आणि सकाळी डबा, शाळा, ऑफिस. १९२२ च्या आधी माणसाला द्यायला इन्सुलिनच नव्हतं, तेव्हा अशी पोरं जगत नव्हती, म्हणून त्या इन्सुलिनच्या पेनला मी रोज हात जोडते. पण थकवा येतो हो. आणि थकले म्हटलं की कृतघ्न असल्यासारखं वाटतं.

*

मला नाही, मिसेसना आहे. गव्हाच्या डब्यात वाडीचे पेढे सापडले, मी लई बोललो. ती गप्प ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "चपला काढायच्या आधी शुगर किती विचारता. पूर्वी चहा झाला का विचारायचा." बत्तीस वर्षांचा संसार आहे आमचा. त्या दिवसापासून मी आधी चहा विचारतोय, पण नजर अजून मशीनकडंच जाते, ते तिला कळतं.

*

गुऱ्हाळवाले दादा, तुमचं वाचून दोनदा थांबले. पोराला खरं सांगा एवढंच वाटतंय, त्याला गुळाचीच काळजी लागली असेल.

*

पहिल्यांदाच लिहितोय. इन्सुलिन सुरू होऊन चार दिवस झाले. ऑफिसच्या बाथरूममध्ये घेतो. घरी माहीत नाही, आई म्हणेल आता शेवटचं आलं, तिच्या भावाचं तसंच झालं होतं. आज बायकोनं विचारलं, शर्टाला रक्ताचा ठिपका कसला? मी सॉस म्हणालो.