बिटकॉइनच्या मशीनवर घर तापवायचं: पटतंय का तुम्हाला?

बर्फात_सातारकर

मॉन्ट्रियलला येऊन नऊ वर्षं झाली. इथल्या भाड्याच्या बहुतेक घरांत भिंतीच्या तळाशी लांबट विजेचे हीटर असतात, बेसबोर्ड म्हणतात त्यांना, आत एक तापणारी कॉइल आणि पत्र्याच्या पट्ट्या, दुसरं काही नाही. क्युबेकमधे पाण्यावरची वीज भरपूर आणि स्वस्त म्हणून गॅसऐवजी सगळं विजेवर. घरगुती दर दिवसाला पहिल्या ४० युनिटपर्यंत साधारण ७ सेंट आणि त्यापुढे १० च्या आसपास, आणि जानेवारीत उणे वीस असताना ते ४० कधीच संपलेले असतात.

मागच्या हिवाळ्यात एक जुनं अँटमायनर एस९ घेतलं, म्हणजे बिटकॉइनसाठी अखंड गणितं करणारं आणि त्या बदल्यात थोडे बिटकॉइन मिळवून देणारं मशीन, या कामाला मायनिंग म्हणतात. हे २०१६ चं मॉडेल, बिटकॉइनच्या धंद्यातल्या लोकांनी कधीच बाजूला टाकलेलं. पूर्ण ताकदीने चालवलं तर १३५० वॅट खातं आणि ओरडतं असं की शेजारी वर येतील, म्हणून फर्मवेअर बदलून ९०० वॅटवर आणलं, पंखे मोठे आणि हळू फिरणारे लावले, आणि खालच्या खोलीत ठेवलं जिथे मी दिवसभर काम करतो. त्या खोलीतला बेसबोर्ड नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बंद होता.

आता मुद्दा असा की हीटरने ९०० वॅट खाल्ले काय आणि या मशीनने ९०० वॅट खाल्ले काय, खोलीत उष्णता तेवढीच येते. चिपमधून गेलेली वीज शेवटी उष्णताच होते, पंख्याने ढकललेली हवासुद्धा भिंतीला घासून थांबते आणि तिचीही उष्णताच होते. फरक एवढाच की हीटर नुसता तापतो आणि हे तापता तापता दहा-अकरा टेराहॅशचं काम करतं, एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. एका टेराहॅशला दिवसाला ५ अमेरिकन सेंट धरले तर रोजचे ५५ सेंट, म्हणजे कॅनडाचे पाऊण डॉलर. वीज रोज साडेएकवीस युनिट, सव्वादोन डॉलरच्या आत. म्हणजे जे पैसे तसेही हीटरवर जाणार होते त्यातला तिसरा हिस्सा परत येतोय.

श्रीमंत व्हायला कोणी हे करू नये. पण ज्या घरात नुसती कॉइल तापवून ऊब मिळवतात तिथे प्रत्येक युनिट एकदाच वापरून सोडून देणं मला खरंच पटत नाही. आता तर तयार वस्तू मिळतात, कनान कंपनीचा अ‍ॅव्हॅलॉन मिनी ३ म्हणून ८०० वॅटचा हीटर आहे जो दिसायलाही हीटरसारखाच आहे. तुमचं मत सांगा, विरोधातलं असेल तर आधी सांगा.

मीटर_रीडिंग

विरोधातलंच आहे. दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे पण तुलना चुकीच्या वस्तूशी केलीये. बेसबोर्ड हा सगळ्यात वाईट पर्याय, त्याच्यापुढे काहीही चांगलंच दिसणार. हीट पंपाशी तुलना करा ना. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटमधे दोन ते तीन युनिटची ऊब मिळते. म्हणजे बिल निम्मं किंवा त्याहून कमी. तुमच्या मशीनने तिसरा हिस्सा परत दिला, तोही बिटकॉइनच्या भावावर अवलंबून. हीट पंपाची बचत कुठल्या भावावर अवलंबून नसते, ती फिजिक्सची आहे.

बर्फात_सातारकर

@मीटर_रीडिंग मान्य, स्वतःचं घर असतं तर मीही हीट पंपच बसवला असता. पण मी भाडेकरू आहे, घरमालक बाहेरच्या भिंतीला भोक पाडू देणार नाही आणि माझ्यासारखी लाखो माणसं आहेत. शिवाय बाहेर उणे पंचवीस झालं की हीट पंपाची ताकद उतरते आणि बऱ्याच घरांत तेव्हा बेसबोर्डच चालू करावे लागतात. माझी तुलना माझ्या खोलीत जे होतं त्याच्याशी आहे.

अनघा_कोथरूड

मला एक कळत नाहीये, हे आपल्याकडे कुणी का आणेल? माझा भाऊ गेले दोन महिने मागे लागलाय की गीझरच्या जागी असं मशीन लावू, फुकटात आंघोळ. मी कागदावर मांडून दाखवलं त्याला. १५ लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० वर न्यायला पाऊण युनिटच्या आत वीज लागते. घरचा २००० वॅटचा गीझर ते वीस-बावीस मिनिटात करतो आणि आपण बटण बंद करतो. ८०० वॅटच्या मशीनला पाऊण तासाच्या वर लागेल, १४० वॅटच्या छोट्याला पाच तास. ठीक आहे, टाकी चांगली असेल तर रात्रभर तापवा. पण मग दिवसाचे उरलेले वीस तास ते मशीन काय करणार? बंद ठेवलं तर कमाई नाही आणि चालू ठेवलं तर एप्रिल महिन्यात पुण्याच्या फ्लॅटमधे हीटर चालू ठेवून वर एसी लावायचा.

आणि आमच्या गच्चीवर सोलर आहे, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर पाणी असंच कडकडीत मिळतं.

टॅक्सचंही बघा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या फायद्यावर सरसकट ३० टक्के, जुलैपासून विकताना १ टक्का टीडीएस वेगळा. आणि मायनिंगला लागलेला खर्च वजा करता येत नाही हे सरकारने तेव्हाच संसदेत सांगितलं होतं. म्हणजे विजेचं बिल आपण भरायचं आणि टॅक्स मात्र सगळ्या कमाईवर.

पावसाळी_दादरकर

अनघाताई गीझरचं पटलं, पण मुंबईतला जुलै आठवा. आमच्याकडे दोन खोल्यांत पाच माणसं, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, शाळेचा युनिफॉर्म इस्त्रीने वाळवावा लागतो आणि तो कुबट वास काही केल्या जात नाही. मी ते १४० वॅटचं छोटं मशीन बघून ठेवलंय, अ‍ॅव्हॅलॉन नॅनो ३, पुस्तकाएवढं आहे, कपड्यांच्या स्टँडखाली ठेवलं तर रात्रभर गरम हवा वर जात राहील. अडीच-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. कोणी केलंय का असं?

मीटर_रीडिंग

@पावसाळी_दादरकर १४० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला १०० युनिट. तुमचं बिल आत्ता स्लॅबच्या काठावर असेल तर हे १०० युनिट थेट वरच्या स्लॅबच्या दराने पडतील. आणि ते मशीन ४ टेराहॅशचं आहे, सातारकरांच्याच हिशोबाने दिवसाला २० सेंट, म्हणजे महिन्याला ६ डॉलर. वीज तेवढ्यात भागणार नाही. कपडे वाळवायला पंखा आणि खिडकी, आणि अगदीच झालं तर हवेतला दमटपणा ओढणारं मशीन घ्या, ते निदान पाणी बाहेर तरी काढतं. नुसती गरम हवा बंद खोलीत सोडली तर ओल भिंतीवर जाऊन बसेल आणि बुरशी धरेल.

एस्पू_ची_शर्वरी

फिनलंडमधून लिहितेय. दोन्हीकडच्यांचं वाचून वाटलं की उष्णता वापरणं बरोबर आहे, फक्त घराघरात एकेक मशीन ही पद्धत चुकीची. आमच्याकडे शहराखालून गरम पाण्याच्या पाइपचं जाळं आहे, एका ठिकाणी पाणी तापतं आणि हजारो घरांत फिरतं. २०२४ मधे मॅरेथॉन, म्हणजे आताची मारा, या अमेरिकन मायनिंग कंपनीने इथल्या सताकुंता भागात २ मेगावॅटचा प्रयोग केला, ११,००० लोकांच्या वस्तीला जाणाऱ्या जाळ्यात उष्णता दिली. तिथे मशीनचा आवाज, आगीची काळजी, दुरुस्ती, सगळं बघायला पगारी माणूस असतो. घरात कोण बघणार?

आणि बिटकॉइनच का? मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरची उष्णता एस्पू आणि आसपासच्या घरांना द्यायचा करार फोर्टम या इथल्या ऊर्जा कंपनीने २०२२ मधेच जाहीर केला. डेटा सेंटरमधे लोकांची कामं चालतात. उष्णता तीच, पण तिच्याआधी झालेलं काम कुणाच्या तरी उपयोगाचं.

बर्फात_सातारकर

शर्वरीताई, उपयोगाचं काम कोणतं हा वाद मी मुद्दाम उघडला नव्हता, पण तुम्ही काढलात तर सांगतो. बिटकॉइनमधे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, साधारण १० मिनिटांनी निघतो, कितीही मशीन लावा, दर २०१६ ब्लॉकनंतर गणित आपोआप त्या प्रमाणात अवघड किंवा सोपं होतं. म्हणजे माझं मशीन चालू झालं की कुठेतरी माळरानावर पंखे लावून उष्णता आभाळात सोडणाऱ्याचा वाटा तेवढा कमी होतो. ज्याला उष्णतेचाही उपयोग आहे तो कमी पैशात तगतो. माझ्या मते ही चांगलीच गोष्ट आहे.

एस्पू_ची_शर्वरी

वाटा कमी होतो, पण मशीन बंद होतं का? ज्याची वीज तुमच्याहून स्वस्त आहे तो चालवतच राहणार आणि एकूण वापर वाढणार. घरं तापवायची म्हणून मशीन घेतलं तर त्याला वाया जाणारी उष्णता म्हणू नका. वाया जाणारी म्हणजे जी आधीच जातेय ती. तुम्ही तर उष्णतेसाठीच मशीन आणलंत.

जुना_जीपीयू

मी फ्रान्सच्या कार्नो कंपनीची गोष्ट सांगतो कारण ती या धाग्यात यायलाच हवी. २०१८ मधे त्यांनी क्यूसी-१ म्हणून भिंतीवर टांगायचा हीटर काढला होता, लाकडी टॉप, आत दोन ग्राफिक्स कार्ड, किंमत २९०० युरो. इथरियम या दुसऱ्या क्रिप्टोचं मायनिंग करायचा. लोकांनी कौतुकाने घेतला. सप्टेंबर २०२२ मधे इथरियमने मायनिंगच बंद केलं, पद्धत बदलली, आणि त्या कार्डांचं मुख्य काम एका दिवसात गेलं. माझ्याकडे तो हीटर नव्हता पण त्याच कामासाठी घेतलेली सहा कार्डं होती, त्या आठवड्यात ती अर्ध्या भावात विकताना जीव तुटला.

साधा हीटर वीस वर्षं भिंतीवर राहतो. वडिलांनी घेतलेला गीझर मी वापरलाय. कॉइन काढणारा हीटर नेटवर्कच्या नियमांवर जगतो. एप्रिल २०२४ मधे दर ब्लॉकमागे मायनिंगवाल्यांना मिळणारं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं, २०२८ मधे पुन्हा निम्मं. तो मिनी ३ घ्या, ९०० अमेरिकन डॉलरच्या आसपास, म्हणजे तुमचे साडेबाराशे. ३७.५ टेराहॅश, दिवसाला अडीच कॅनेडियन डॉलर धरले आणि फक्त हिवाळ्याचे सहा महिने चालवलं तर साडेचारशे. किंमत वसूल व्हायला तिसरा हिवाळा उजाडणार आणि तोवर बक्षीस निम्मं व्हायची वेळ आलेली. भाव वाढेल म्हणाल, तर मग नुसतं बिटकॉइन विकत घ्या, हीटर कशाला.

बर्फात_सातारकर

@जुना_जीपीयू हा मुद्दा मला लागला. नवीन घेणाऱ्याला मी आता हेच सांगेन. माझं एस९ १२० डॉलरला मिळालं आणि एका हिवाळ्यात जेमतेम तेवढेच परत आले, म्हणून माझा हिशोब बसला. ते भंगारात जाणार होतं आणि माझ्याकडे आणखी दोन-तीन हिवाळे काढेल. नवीन महाग मशीन घेऊन नाही बसणार तो हिशोब, हे मी पहिल्या पोस्टमधे लिहायला हवं होतं.

वायरमन_नाशिक

कोणीच वायरिंगचं बोलत नाहीये म्हणून लिहितो. गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी असंच मशीन एक्स्टेंशन बोर्डावर लावलेलं होतं, चोवीस तास चालू. मला बोलावलं ते जळका वास येतोय म्हणून. प्लगची पिन काढली तर सॉकेटचं प्लास्टिक पिनेला चिकटून बाहेर आलं, मागची वायर बोटाने दाबली की भुगा. गीझर वीस मिनिटं चालतो आणि थंड होतो, हे कधी थंड होतच नाही, बारीक वायरीवर सतत लोड हा वेगळाच प्रकार असतो. लावायचंच असेल तर स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, जाड वायर, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. धूळ दर पंधरा दिवसांनी साफ करा.

बर्फात_सातारकर

शंभर टक्के. माझं थेट भिंतीच्या सॉकेटला आहे, १५ अँपिअरच्या लाइनवर ९०० वॅट, आणि त्या लाइनवर दुसरं काहीच नाही. वर धूर ओळखणारा अलार्म आहे.

तासगावचा_बेदाणा

मी द्राक्षवाला आहे. नॉर्वेत मायनिंगच्या गरम हवेवर जळाऊ लाकूड वाळवतात असं वाचलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्याकडे बेदाणा शेडमधे जाळीच्या रॅकवर सावलीत वाळतो, पंधरा-वीस दिवस. ऊन आणि कोरडा वारा असला की कशाचीच गरज नाही, देवाची उष्णता फुकट आहे. पण मार्च-एप्रिलमधे अवकाळी आला की दोन रात्रीत माल काळा पडतो, आणि काळ्या मालाला भाव काय मिळतो ते विचारू नका. त्या दोन-चार रात्रींसाठी शेडला चारी बाजूंनी ताडपत्री लावून आत कोरडी गरम हवा मिळाली तर अख्ख्या सीझनचं नुकसान वाचेल. सातारकर, मोठ्या मशीनमधून किती उष्णता निघते?

बर्फात_सातारकर

@तासगावचा_बेदाणा अँटमायनरचंच एस२१ साडेतीन किलोवॅटचं आहे, म्हणजे साडेतीन हजार वॅटचा ब्लोअर समजा. पण तुमच्या शेडला चार रात्री हवेत आणि मशीनची किंमत काही हजार डॉलर, उरलेले ३६० दिवस ते कुठे तापणार? आणि शेतीच्या फीडरला लाइट किती तास असते?

तासगावचा_बेदाणा

आठ तास, त्यातही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. पाऊस आला की पहिली लाइटच जाते.

मीटर_रीडिंग

मग तुम्हाला डिझेलचा किंवा लाकडावरचा गरम हवेचा ब्लोअरच लागणार. धूर मालाला लागणार नाही असा, बाहेरून हवा तापवून पाइपने आत देणारा. तीन-चार शेडवाल्यांनी मिळून भाड्याने आणला तर परवडेल.

अनघा_कोथरूड

सातारकर, एक विचारू का, आवाजाचं काय? पंखे बदलले तरी झोपताना ऐकू येत असेल ना.

बर्फात_सातारकर

येतो, जुन्या टेबलफॅनसारखा, म्हणून बेडरूममधे नाही ठेवलं. जानेवारीत आई आली होती सहा आठवडे, पहिल्या दिवशी म्हणाली हे बंद कर, डोकं दुखतं. तिला इथे दही लागत नव्हतं, रात्रभर ठेवलं तरी सकाळी दूधच. तिसऱ्या दिवशी तिनेच विरजणाचं पातेलं त्या मशीनसमोर दोन फुटांवर स्टुलावर ठेवलं, वर टॉवेल झाकून. अगदी जवळ ठेवलं की पाणी सुटतं, तिथली हवा पन्नास डिग्रीच्या वर असते, दोन फुटांवर बरोबर लागतं. मग आंबोळीचं पीठही तिथेच फुगायला लागलं. मार्चमधे ती परत गेली, स्टूल अजून तिथेच आहे.

अनघा_कोथरूड

विरजणाचं भावाला दाखवते. गीझरचा विषय मात्र आमच्या घरात बंद.