नकली घड्याळाला ‘अचूक’ पार्ट: अचूक म्हणजे नेमकं कशाशी?

सरकता_काटा
आधीच कबूल करतो, घड्याळ नकली आहे. रोलेक्स सबमरीनरची नक्कल, ४० मिमी, आत ईटीए २८२४ या स्विस मशीनची चिनी प्रत. घेताना माहीत होतं, फसलो वगैरे नाही. चार वर्षं हातात आहे.

तारखेवरचं भिंग पहिल्यापासून खुपत होतं. असली घड्याळात ते तारीख अडीचपट मोठी दाखवतं, माझ्यात जेमतेम दीडपट. म्हणून मागच्या महिन्यात भिंगासकट काच बदलून घेतली. आणि घोळ झाला. तारीख मोठी दिसायला लागली, तशी तिच्यातली चूकही मोठी झाली! साताचा आकडा किंचित कललेला आहे आणि दोनापेक्षा बारीक छापलाय. २७ तारखेला तर दोन आकडे दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसतात.

आता तारखेची चकती बदलायची आहे. मग जमलं तर डायल, कारण अंधारात चमकणारे ठिपके बाराच्या जागी हिरवे आणि सहाच्या जागी निळसर दिसतात. यात गैर काय, ते सांगा. आणि शोधावं कसं, तेही.

चावीवाला
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. काच झाली, चकती होईल, डायल होईल, मग काटे, मग बेझल (काचेभोवतीचं कडं). शेवटी हाताशी काय? तरीही नकलीच. एवढ्यात बनवणाऱ्या कंपनीच्याच नावाचं साधं ऑटोमॅटिक घड्याळ येतं, ज्याचे पार्ट शोधत फिरावं लागत नाही.

मागचं_झाकण
मी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून आधी मशीनचं बोलतो, नीतीचं तुम्ही बघा.

असली सबमरीनरमध्ये १९८८ पासून बरीच वर्षं ३१३५ हे मशीन होतं. त्याचा व्यास २८.५ मिमी. तुमच्या २८२४ चा २५.६. म्हणजे तारखेची चकतीच वेगळ्या मापाची, डायलचे पाय (मशीनवर बसवायच्या मागच्या खुंट्या) वेगळ्या जागी, काट्यांची भोकंही वेगळी. असली पार्ट तुमच्यात बसतच नाही. लोक करतात काय, तर मूळ चकतीवर आकडे छापलेली पातळ कडी चिकटवतात. एक घड्याळ माझ्याकडे आलं होतं, रोज रात्री बाराच्या आसपास बंद पडायचं. उघडून लुपमधून (डोळ्याला लावायच्या भिंगातून) पाहिलं तर कडीची कड केसभर उचललेली आणि डायलच्या पोटाला घासलेली. तारीख पलटताना मशीनवर एरवीही ताण येतो, त्यात हा ब्रेक. आकडे मात्र सुरेख होते!

हौसेला_मोल_नाही
चावीवाले, हा हिशोब कुठल्याही छंदाला लावा, छंदच उरणार नाही. जहाजाच्या मॉडेलवर दोर कितव्या खिळ्याला बांधला होता हे शोधणारी माणसं असतात. ते जहाज कुठे समुद्रात जाणार आहे? शोधण्यातच मजा आहे. धागाकर्ते, बदला चकती.

टी_स्विस_टी
जहाजाचं मॉडेल कुणी खरं जहाज म्हणून विकत नाही, हा फरक विसरलात.

नाव न लावता तशाच घाटाचं घड्याळ काढणं वेगळं. त्याला होमाज म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्याचं नाव डायलवर असेल, तर बसवलेला प्रत्येक ‘अचूक’ पार्ट पुढच्या माणसाच्या हातातली एक खूण काढून घेतो. तो कललेला सात आहे ना, तोच उद्या कुणाचे तरी पैसे वाचवणार आहे.

मी पोळलोय म्हणून बोलतो. सत्तरच्या दशकातलं म्हणून एक घड्याळ घेतलं. डायलवर सहाच्या खाली ट्रिटियमची (ठिपके चमकवणाऱ्या किरणोत्सारी पदार्थाची) खूण, सगळं ‘मूळचं’ असल्याची ग्वाही. रात्री दिवा घालवला तर ठिपके टॉर्चसारखे! ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो. इतक्या वर्षांनी तो रंग मेलेलाच हवा. म्हणजे रंग नवा, काटेही दुसरेच. ज्याने ते हौसेनं ‘सुधारलं’ त्यानं बहुधा मला फसवायचं म्हणून केलं नव्हतं. मी फसलोच.

हौसेला_मोल_नाही
तुम्हाला विकणाऱ्यानं फसवलं, सुधारणाऱ्यानं नव्हे.

टी_स्विस_टी
सुधारणाऱ्याशिवाय त्याला जमलं असतं का?

सरकता_काटा
मी विकणार नाही. वाटल्यास मागच्या झाकणाच्या आत ‘नकली’ असं कोरून ठेवतो. जुने कारागीर दुरुस्तीची तारीख कोरायचे, तसं.

मागचं_झाकण
कोरा, पण झाकण बदलायला पाच मिनिटं लागतात. आणि साताचं सोडा, घड्याळ वेळ कशी दाखवतं? टायमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावलंत कधी?

सरकता_काटा
आज लावून घेतलं. दिवसाला २२ सेकंद पुढे, ॲम्प्लिट्यूड २१५, बीट एरर १.८. यातलं फक्त २२ कळलं.

मागचं_झाकण
ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स चाक किती अंशांत झोका घेतं. पूर्ण चावी दिलेली असताना २७० च्या पुढे हवं. २१५ म्हणजे तेल सुकलंय किंवा पहिल्यापासूनच धड घातलेलं नाही. बीट एरर म्हणजे टिक आणि टकमधलं अंतर सारखं नाही, घड्याळ लंगडतंय. तुमच्या मशीनचे तासाला २८,८०० ठोके, सेकंदाला आठ, आणि प्रत्येक ठोका लंगडा. चार वर्षं भिंगातून तारीख बघितलीत, कानाला नाही लावलंत एकदा.

यंत्र खोलून साफ करून घ्या. यासाठी लागणारे पार्ट २८२४ च्या मापाचे मिळतात आणि त्यात कुणाचं नाव चोरावं लागत नाही.

चावीवाला
मसाला वाढला. (ह.घ्या.)

सरकता_काटा
अपडेट. साफसफाई झाली. आता दिवसाला ५ सेकंद पुढे, ॲम्प्लिट्यूड २८१, बीट एरर ०.३. रात्री उशाशी ठेवलं तर आवाजातला फरक मलाही कळला.

खोललेलं असतानाच कारागिरानं एक बिननावाची काळी डायल दाखवली, २८२४ साठीचीच, पाय बरोबर जागी. ठिपके सगळे एकाच हिरव्याचे. घेतली नाही अजून, त्यांच्याकडे ठेवून आलोय.

टी_स्विस_टी
घ्या. ती बसवलीत तर माझं काही म्हणणं नाही.

हौसेला_मोल_नाही
नाव काढलं तर मग ती नक्कल तरी कशाची राहिली? चार वर्षं कशासाठी घातलंत ते?

सरकता_काटा
हेच दोन दिवस डोक्यात फिरतंय. आज २७ आहे, सात तसाच कललेला.