मदत हवी आहे : लॉगिननंतरचे रिडायरेक्ट माझ्या संगणकावर चालते, अभ्यासक्रमाच्या सर्व्हरवर अडते

नमस्कार,

मी सध्या एका महाविद्यालयाचा सर्व्हर-साइड वेब प्रोग्रॅमिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत आहे. भाषा पीएचपी आणि डेटाबेस मायएसक्यूएल. एचटीएमएल बऱ्यापैकी येत असल्यामुळे सुरुवातीचे धडे सहज पार पडले. लॉगिनच्या प्रकल्पापाशी मात्र गाडी अडली आहे. व्हिडिओ पुन्हा पाहूनही उलगडा होत नाही, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माझ्या लॉगिनच्या फाइलीची रचना अभ्यासक्रमातील नमुन्याप्रमाणेच आहे. सर्वांत वर कॉन्फिगची (डेटाबेसच्या तपशिलाची) फाइल आणि सेशन, म्हणजे वापरकर्त्याची पानापानांत टिकणारी ओळख, सुरू करण्याची ओळ, त्याखाली पानाचा वरचा भाग, म्हणजे शीर्षक आणि मेनू, इन्क्लूड केलेला आहे. त्यानंतर फॉर्ममधून आलेला पासवर्ड 'पासवर्ड व्हेरिफाय' या फंक्शनने तपासला जातो, तो जुळला तर वापरकर्त्याचा क्रमांक सेशनमध्ये ठेवून 'हेडर' फंक्शनने मुख्य पानावर पाठवले जाते (हेच रिडायरेक्ट) आणि शेवटी, न जुळल्यास दिसणारा फॉर्म आहे. माझ्या संगणकावर हे सारे बिनबोभाट चालते. तीच फाइल अभ्यासक्रमाच्या सर्व्हरवर चढवली की पान जागचे हलत नाही आणि वर सूचना येते : 'कॅनॉट मॉडिफाय हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट'. पुढे कंसात 'आउटपुट स्टार्टेड ॲट' असे म्हणून मेनूच्या फाइलीचे नाव आणि एका ओळीचा क्रमांक दिलेला असतो. त्या ओळीत तर साधे एचटीएमएल आहे, त्यात चूक काय असणार, हे कळत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट नोंदवतो, कदाचित तिचा उपयोग होईल. मेनूची सगळी सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, मी एकदा त्याच फाइलीत लिहून पाहिली, तेव्हा माझ्या संगणकावरही हीच सूचना आली. ती वेगळ्या फाइलीत हलवताच सूचना नाहीशी झाली. सीएसएसचा आणि रिडायरेक्टचा संबंध काय?

दुसरा प्रश्न असा की काही ठिकाणी रिडायरेक्टच्या ओळीनंतर लगेच 'एक्झिट' लिहिलेले दिसते, आमच्या नमुन्यात ते नाही. ते आवश्यक आहे का?

प्रतिसाद १

सर्वांत वरच्या ओळीत 'ओबी स्टार्ट' (आउटपुट अडवून धरणारे फंक्शन) लिहा, सूचना येणार नाही. मी नेहमी तेच करतो.

प्रतिसाद २

वरील उपायाने सूचना जाईल हे खरे, पण मूळ दुखणे तसेच राहील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्व्हर ब्राउझरला जो रिस्पॉन्स पाठवतो त्याचे दोन भाग असतात : आधी हेडर, नंतर बॉडी. 'अमुक पत्त्यावर जा' हा निरोप आणि सेशनची कुकी, दोन्ही हेडरमधूनच जातात. बॉडीचे पहिले अक्षर रवाना झाले की हेडर बंद झाले. पत्र पेटीत टाकल्यावर पाकिटावरचा पत्ता बदलता येत नाही, तसेच हे. तुमच्या मेनूचे एचटीएमएल म्हणजे बॉडी. त्यात चूक काहीच नाही, ते फक्त वेळेआधी बाहेर पडले आहे, आणि 'आउटपुट स्टार्टेड ॲट' एवढेच सांगत आहे. नवशिक्यांना ती ओळ चुकीची जागा दाखवते असे वाटते, वास्तविक पीएचपीच्या इतक्या नेमक्या सूचना फार थोड्या आहेत.

आता दोन संगणकांतील फरक. पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'आउटपुट बफरिंग' नावाची एक नोंद असते. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंग फाइलीत तिची किंमत ४०९६ असते, म्हणजे तेवढे बाइट साचेपर्यंत आउटपुट अडवून धरले जाते आणि तोवर हेडर बदलता येते. नोंदच नसेल तर बफरिंग बंद. तुमच्याकडे पहिली स्थिती असावी आणि सर्व्हरवर दुसरी. सीएसएस आत लिहिल्यावर वरचा भाग ४०९६ बाइटच्या पुढे गेला, म्हणून तुमच्याकडेही बिंग फुटले. (मेनू मराठीत असेल तर ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात.)

उपाय रचनेतच आहे. पासवर्डची तपासणी, सेशन, रिडायरेक्ट हे सगळे फाइलीच्या माथ्यावर घ्या. मेनू आणि फॉर्म त्यानंतर. एचटीएमएलच्या पोटात मधे-मधे पीएचपी पेरण्याची सवय बरेच अभ्यासक्रम लावतात, ती सवय एखादी यादी छापण्यापुरती ठीक, लॉगिनला नाही.

'एक्झिट' मात्र आवश्यकच आहे. 'हेडर' फंक्शन केवळ निरोप नोंदवते, स्क्रिप्ट थांबवत नाही. समजा, लॉगिन नसलेल्याला तुम्ही खासगी पानावरून परत पाठवत आहात आणि पुढे 'एक्झिट' नाही, तर खालचा सगळा खासगी मजकूर रिस्पॉन्सच्या बॉडीतून जातोच. ब्राउझर तो दाखवत नाही, पण 'कर्ल'सारख्या, ब्राउझरशिवाय पान मागवणाऱ्या साधनाने कोणीही तो सरळ वाचू शकतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तपासणी वर घेतली, 'एक्झिट'ही जोडले. माझ्या संगणकावर ठीक आहे, पण सर्व्हरवर आता सेशन सुरू करण्याच्या ओळीवरच तशीच तक्रार येते आणि बोट दाखवले जाते कॉन्फिग फाइलीच्या पहिल्या ओळीकडे. त्या फाइलीत डेटाबेसचा तपशील सोडून काहीही नाही आणि पीएचपीचा टॅग पहिल्याच अक्षरापासून सुरू होतो.

प्रतिसाद २

डोळ्यांना दिसत नाही असे काही तरी त्या टॅगच्या आधी आहे. काही एडिटर यूटीएफ-८ फाइल जतन करताना सुरुवातीला 'बॉम' नावाची ३ बाइटची खूण घालतात. पीएचपी तिला आउटपुट समजते. तुमच्याकडे ती बफरमध्ये खपून जाते, सर्व्हरवर नाही. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८ विदाउट बॉम' हा पर्याय निवडून फाइल पुन्हा जतन करा. त्याच बैठकीत त्या फाइलीच्या शेवटचा बंद करणारा टॅगही काढून टाका. ज्या फाइलीत फक्त पीएचपी आहे तिला तो लागत नाही, आणि त्याच्यामागे राहून गेलेल्या रिकाम्या ओळी नेमकी हीच सूचना पुन्हा दाखवतात.