शेजाऱ्याने कांदा लावला म्हणून आपणही लावायचा?

बांधावरून :
दिवाळीच्या सुमारास लासलगावचा भाव चढला की गावोगाव कांद्याचं बी आणि रोप मिळेनासं होतं. भाव पडला की पुढच्या वर्षी तीच माणसं कांद्याचं नाव काढत नाहीत. मला हे घातक वाटतं. निर्णय गाव घेतं, कर्ज मात्र एकेकट्याच्या सातबाऱ्यावर चढतं.

दिवाळीचा भाव कशाचा असतो? चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) उन्हाळ म्हणजे रब्बीचा कांदा संपत आलेला आणि खरिपाचा नवा लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, त्या मधल्या तुटीचा. तो बघून नोव्हेंबरात बी टाकलं तर रोपाला ४५-५० दिवस, लागणीनंतर ११०-१२० दिवस. म्हणजे माल निघणार एप्रिलमध्ये. देशातला सुमारे दोन तृतीयांश कांदा रब्बीचा, आणि तो याच सुमाराला निघतो. ज्या भावावर भुलून लागण केली, तो भाव त्या कांद्याचा नव्हताच.

दुसरा फटका बियाण्याचा. एकरी अडीच-तीन किलो बी लागतं आणि कांद्याच्या बियाची उगवणक्षमता वर्षभरातच घसरते. झुंबड उडाली की गेल्या सालचं बी खपतं, खरिपाच्या जातीचं बी रब्बीचं म्हणून गळ्यात मारलं जातं. मग डेंगळे (फुलांचे दांडे) आणि जोडकांदे निघतात, उरलेला माल चाळीत टिकत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, १०-१२ दिवसांनी मोजा. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बी वाफ्यात टाकू नका, शेजारी काहीही म्हणोत.

काळी_कसदार :
पूर्ण असहमत. गाव एखादं पीक धरून राहतं त्याला कारणं असतात. लागणीची टोळी कांद्याच्याच गावात येते. करपा आणि फुलकिडे यांवर कोणतं औषध चाललं हे चार बांधांवर विचारता येतं. आणि व्यापारी माल बघून येतो. एकराचा चांगला उतारा १०० क्विंटल, म्हणजे दहा टन. एका गाडीचा माल झाला. पण तुम्ही एकट्याने वीस गुंठे वेगळं काही लावलं, तर त्यासाठी गाडी कोण पाठवणार?

‘वेगळा विचार’ म्हणून काय काय गळ्यात पडलं तेही आठवा. इमू या मोठ्या पक्ष्याच्या पालनात खरा पैसा पिल्लं विकणाऱ्यांना मिळाला. मांस आणि तेल घेणारं गिऱ्हाईक उभं राहिलंच नाही आणि २०१२ च्या सुमारास सगळं कोसळलं. त्यापेक्षा गावाचं पीक परवडलं. निदान त्याला बाजार समिती आहे.

चाळ२५टन :
दोघंही लागणीवर अडलात. खरी मेंढरं काढणीला दिसतात. भाव हलला की सगळे एकदम हिरवा माल उपटतात. निम्म्या माना (कांद्यावरचे पातीचे देठ) पडल्याशिवाय काढू नये. त्याआधी १०-१५ दिवस पाणी तोडावं, आणि लागणीला ६० दिवस झाल्यावर नत्र देऊच नये. मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापावी. मान जाड आणि ओली राहिली की सड तिथूनच शिरते.

‘सगळे साठवतात म्हणून मीही’ हेसुद्धा तसंच. १०० क्विंटल भरले, सड आणि घट मिळून ३० गेले, ७० उरले. काढणीला क्विंटलला १२०० रुपये भाव होता, तर नुसती बरोबरी साधायलाच १७१५ लागतात, चाळीचा खर्च वेगळा. हा हिशेब चाळ भरण्याआधी करायचा असतो.

बांधावरून :
@काळी_कसदार, इमूचा मुद्दा मान्य. पण तीही गर्दीच होती, फक्त गावाबाहेरची. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायला हवा : शेवटी हे विकत घेऊन खाणारा कोण, आणि मी माल आणीन त्या महिन्यात त्याच्यासमोर किती ढीग असतील? आधीच्या पिकाच्या चढ्या बाजारभावाचं पान हे सांगत नाही. तालुका कृषी कार्यालयातले लागवडीचे आकडे आणि बियाण्याची मागणी बरंच सांगतात.

काळी_कसदार :
आणि निर्यातबंदी? डिसेंबर २०२३ मध्ये लागली, मे २०२४ मध्ये उठली. कुठल्या आकड्यात बसवणार होता ती?

बांधावरून :
सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, मग ती. भाव फार चढला की सरकार हात घालतं, हे आता धरूनच चालायला हवं. म्हणून तर चढत्या भावाच्या मागे जाणारा सर्वांत आधी सापडतो. आवकही त्याच्याच वाट्याला, बंदीही.

मी कांदा सोडा म्हणतच नाही. दरवर्षी ठरलेलंच क्षेत्र लावा, भाव चढो वा पडो. चार एकर असतील तर दीड एकर. लागण पंधरा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करा. निम्मा माल काढणीला विका, टिकाऊ जातीचा तेवढाच चाळीत घाला.

काळी_कसदार :
चार एकरवाल्याला जमेल. ज्याचं एकच एकर, तेही कोरडवाहूला लागून, आणि विहिरीला मार्चपर्यंतच पाणी, त्याने टप्पे कसे करायचे? दुसऱ्या टप्प्याला शेवटची दोन पाणी कमी पडली तर कांदा पोसत नाही, सगळी गोलटीच (बारीक कांदा) निघते. त्याचं गणित मांडून दाखवा, मग मी ऐकेन.