डोळ्यांच्या डॉक्टरने रात्रीची कॅज्युअल्टी करावी का?

अबोली७७:
माझा नवरा डोळ्यांचा सर्जन, मराठवाड्यात एका उपजिल्हा रुग्णालयात आहे. मेडिकल ऑफिसर कमी म्हणून सहा महिन्यांपासून त्याला महिन्यातून चार-पाच नाइट कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या पेशंटच्या विभागात, लागतात. दिवसभर मोतीबिंदूची ऑपरेशनं करून आला तरी शांत असतो, पण नाइट असली की आदल्या दिवसापासून जेवण जात नाही, कारण एमबीबीएस होऊन चौदा वर्षं झाली आणि छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी हातात घेतला की त्याला धाकधूक होते. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. रात्री तालुक्याला दुसरं कोणी नाही हेही खरंय, पण चुकलं तर जीव पेशंटचा जातो. स्पेशालिस्टने आपला विषय सोडून असं नेहमी काम करावं का?

सह्याद्रीकर:
मी ऑर्थो, हाडांचा डॉक्टर. २०२० ला आम्हाला कोविड वॉर्डात टाकलं तेव्हा पहिले आठ दिवस मला बायपॅपचा, म्हणजे श्वासाच्या मशीनचा, मास्क धड बसवता येत नव्हता, मेडिसिनची रेसिडेंट, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरगी, तिने हाताला धरून शिकवलं. तिसऱ्या महिन्यात मी एकट्याने राउंड घ्यायचो. आज बोलवाल तर नाही जमणार, सवय गेली. म्हणून मला वाटतं करायचं तर नेहमीच करावं, वर्षातून दोनदा कोणाच्या तरी बदल्यात उभं राहणं सगळ्यात धोक्याचं.

मोगरा:
माझ्या वडिलांच्या वेळी ड्युटीवर स्किनचे डॉक्टर होते. पोटात वरच्या बाजूला दुखतंय, घाम येतोय, त्यांनी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, ईसीजी काढलाच नाही. पहाटे पप्पा गेले. नऊ वर्षं झाली तरी मी त्या डॉक्टरांना एकट्याला दोष देऊ शकत नाही, त्यांना तिथे बसवून बाकीचे सगळे झोपले होते. पण अबोलीताई, माझं उत्तर नाही असंच आहे.

रात्रपाळी_सिस्टर:
बावीस वर्षं कॅज्युअल्टी करतेय. मोगरा, वाचून फार वाईट वाटलं. एक सांगते. एकदा पहाटे चारला ऊसतोडीतला पोरगा आणला, पोटात कळ आणि उलटी, अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. ड्युटीवर डोळ्यांचेच सर. पोटदुखीचं इंजेक्शन भरतच होते तेवढ्यात टॉर्च मारून म्हणाले, सिस्टर याच्या पापण्या खाली येतायत. मी विचारलं, खाली जमिनीवर झोपला होतास का रे? हो म्हणाला. मण्यार साप! तिच्या विषाने पापण्या पडतात, आणि ती चावलेली कळतसुद्धा नाही. लगेच दहा व्हायल सापाचं औषध लावलं, तोवर त्याला थुंकी गिळता येईना, जिल्ह्याला नेताना १०८ मध्ये सगळी वाट अंबू, श्वास द्यायची पिशवी, दाबत होतो. वाचला. पापणी सरांनी पकडली आणि झोपायचं मी विचारलं, दोघांपैकी एक नसतं तर पोरगा गेला असता. जुनी सिस्टर जोडीला मागा, नवीन मुलीबरोबर एकटं बसू देऊ नका.

भूलवाली:
मी अ‍ॅनेस्थेशियाची. सरकारने साध्या एमबीबीएस डॉक्टरांना अडलेल्या बाळंतिणीसाठी भूल द्यायला शिकवलं, सुरुवातीला १८ आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. म्हणजे बाहेरचं काम शिकता येतं, पण आधी शिकवतात, आणि कुठे थांबून पुढे पाठवायचं तेही शिकवतात. तुमच्या मिस्टरांना कोणी काही शिकवलं का? नुसतं ड्युटी लिस्टवर नाव टाकलं असेल तर ते चूक. कोणीतरी १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने घाबरवेल, ती केस होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिल्याची होती, इथे लागू नाही, एमबीबीएसच्या रजिस्ट्रेशनवर कॅज्युअल्टी बघता येते. पण फिजिशियनचा नंबर, ईसीजी मोबाइलवर पाठवायची सोय आणि पंधरा दिवस दिवसाच्या कॅज्युअल्टीत कोणाबरोबर तरी काम, एवढं लेखी मागा.

अबोली७७:
सगळ्यांचे आभार, मोगरा तुझं त्याला वाचून दाखवलं, बराच वेळ बोलला नाही. अधीक्षकांना अर्ज लिहिलाय, पंधरा दिवस दिवसपाळी आणि फिजिशियनचा नंबर. मण्यारीचं त्याने डायरीत लिहून घेतलं. शुक्रवारी नाइट आहे, जोडीला कोणती सिस्टर आहे ते आधी विचारणार म्हणाला.