डासाला विषयाची हद्द कळत नाही

वर एकांनी लिहिलंय की अनेक विषय एकत्र शिकवणारी आरोग्य अभ्यासाची वेगळी पदवी म्हणजे ‘नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) हुकलेल्यांची सोय’. मला नाही पटत. ठाण्यात घोडबंदर रोडवरचं कुठलंही मोठं बांधकाम बघा. स्लॅबवर क्युरिंगचं (काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून) पाणी तुंबवलेलं, खाली उघडी पिंपं, बाजूला पत्र्याच्या खोल्यांत मजूर. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. डास प्राणिशास्त्राचा, मान्य. पण रोजंदारी बुडेल म्हणून ताप अंगावर काढणारा मजूर अर्थशास्त्राचा, आणि ठेकेदाराला नोटीस कुठल्या नियमाखाली काढायची हे कायद्याचं. डॉक्टरकडे केस पोचते ती या सगळ्यानंतर. डॉक्टरांनाही सामाजिक बाजू शिकवा, हे सरकारने आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवलंय.

माझी भीती वेगळीच आहे. कॉलेजं जुनेच पेपर एकत्र करून नवी पाटी लावतील (त्यात आपला हात कोण धरणार!). संख्याशास्त्र सक्तीचं हवं, आणि एक अख्खं सत्र पालिकेच्या आरोग्य केंद्रात, रजिस्टर भरत आणि घरोघरी फिरत. नोकरीचं म्हणाल तर भरतीच्या जाहिरातीत पात्रता म्हणून या पदवीचं नाव आधी येऊ दे, मग प्रवेश सुरू करा.