आधी ऑइल फिल्टर कापून बघा

शर्यतींच्या मोसमाआधी जुन्या ड्रॅग कारचं (सरळ, छोट्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायच्या गाडीचं) इंजिन अख्खं उघडावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, आधी ऑइल फिल्टर कापा. आतल्या कागदाच्या घड्या पिळून उजेडात धरा. चकाकणारे कण दिसले तर बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारे भाग) झिजत असणार, मग इंजिन उघडायलाच हवं. कण नसतील तर व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा (इंजिनाच्या झडपा बंद करणाऱ्या स्प्रिंगांचा) ताण मोजा, ढिल्या असतील त्या बदला.

गाडी मिथेनॉलवर (एक प्रकारच्या अल्कोहोलच्या इंधनावर) चालत असेल तर टाकी, कार्ब्युरेटर धुऊन काढा. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, अॅल्युमिनियमवर पांढरा थर चढतो.

आणि सीटबेल्ट! एसएफआयच्या (शर्यतीच्या सुरक्षा-साधनांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) प्रमाणित पट्ट्यांची मुदत बनवल्यापासून २ वर्षंच असते. लोक इंजिनात जीव ओततात आणि पट्टीवरची तारीख बघत नाहीत, फार वाईट वाटतं. पहिली धाव अर्ध्या ट्रॅकपर्यंतच घ्या.